हळदीच्या ढिगाजवळ मामी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. वसमत

तेहतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून दुसऱ्याच्या लेकरांचे दाखले लिहिले. स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही. ही वही संपदानं (आमची पोरगी, पुण्याला असते) मागच्या दिवाळीत दिली होती. म्हणाली, "बाबा, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता आईचं डोकं खाण्यापेक्षा वहीचं खा." आजपासून खातो.

आज घरात रडारड झाली म्हणून लिहायला बसलो. मंजुषाच्या आईचा एकच फोटो घरात होता. मागच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटून बसला, चेहऱ्याचा पार पापड झाला. पण फोटो मीच काढलेला, आणि मी माणूस व्यवस्थित. निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेली. ती नांदेडच्या एका लॅबमध्ये धाडली. आज पाकीट आलं. मंजुषानं हात पुसून, देवासमोर बसून उघडलं आणि बघतच राहिली.

"ही कोण बाई हाय?"

त्या लोकांनी कॉम्प्युटरवर मामींना गोरंपान करून ठेवलं होतं. (सासूबाईंना मी मामी म्हणायचो.) गाल गुलाबी, ओठ गुलाबी. मी फोन केला तर तिकडून म्हणतात, "काका, सगळे असंच मागतात, ज्यादा चार्ज नाही लावला." घ्या!

"माझी माय काळी होती," मंजुषा म्हणाली. "काळी आन देखनी. ह्यांनी तिला पीठ फासलं." फोटो तिनं उलटा करून गव्हाच्या कोठीखाली सारला आणि संध्याकाळी जेवली नाही. छत्तीस वर्षांत ही बाई जेमतेम तीनदा उपाशी झोपली असेल.

मी बोलून गेलो, "फोटो मी काढला होता, मीच छापतो. घरी. अक्षय तृतीयेला मामींच्या नावाचा घडा पूजशील तेव्हा फोटो शेजारी असेल."

ती म्हणाली, "तुमच्यानं होतंय व्हय?" डोळे मात्र पुसले.

म्हणजे आता केलंच पाहिजे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली. मार्च १९९२. सासुरवाडीचं खळं, पॉलिश केलेल्या हळदीचा कमरेइतका ढीग आणि शेजारी लुगडं नेसून बसलेल्या मामी. मी शाळेचा कॅमेरा मागून नेला होता. चांगलं आठवतं, मी म्हणालो होतो, "मामी, तुमचं तपकिरी लुगडं ढिगात मिसळून राहिलं, जराशा उजवीकडं सरका." त्यावर ही बाई अशी हसली, अशी हसली की पदर तोंडाला लावायचंही भान राहिलं नाही. मी बटण दाबलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला आजतागायत कळलेलं नाही. मंजुषाला विचारलं की तीही हसते. मायलेकींचं काय सांगावं.

त्याच श्रावणात मामी तापानं गेल्या. दुसरा फोटो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं आखाडा बाळापूरला गेलो. तिथं हरिचंद म्हणून आहे, पूर्वी नांदेडच्या कलर लॅबमध्ये होता. लॅब बंद झाली तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात तिथलं एन्लार्जर उचलून घरी आणलं, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडायचं यंत्र. माळ्यावर पोत्याखाली होतं; काम होईपर्यंत मला वापरायला दिलं. मुंडक्यावर रंगांची बटणं: एक पिवळ्याचं, एक गुलाबीचं. तिसरंही आहे, पण त्याला हात लावायचा नाही म्हणाला.

शाळेच्या प्रयोगशाळेत ब्लॅक अँड व्हाइट मी पुष्कळ केलंय, दहावीच्या पोरांचे आयडीचे फोटो मीच धुवायचो. मला वाटलं हे त्याचंच मोठं भावंड. कुठलं! रंगीत कागदाला लाल दिवाही चालत नाही. ठार अंधार. पाणी बरोबर पस्तीस डिग्री. आणि बटणांची चाल उलटी: फोटो पिवळा दिसला तर पिवळंच वाढवायचं, हिरवा दिसला तर गुलाबी कमी करायचं. सासरच्या माणसाशी बोलतात तसं, जे पाहिजे त्याच्या उलटं.

हरिचंदनं कागदाच्या रोलचं शेपूट दिलं, तीस तुकडे निघतील. फ्रीजमध्ये भेंड्यांच्या मागं ठेवलं होतं. "गुरुजी, ह्याच्याबाद मिळंल का न्हाई सांगता येत न्हाई," म्हणाला. मी क्लार्क होतो, गुरुजी नव्हे, पण शाळेचा माणूस म्हटलं की सगळे गुरुजी म्हणतात आणि मीही फार दुरुस्त करत नाही.

निघताना म्हणाला, "सामान सगळं मिळून जाईल. डोळा बराबर पाहिजे."

डोळ्याचं मला कुणी सांगू नये. एकसष्टाव्या वर्षी सुईत दोरा मी ओवतो. याच डोळ्यांनी १९८६ साली रेल्वेची परीक्षा पास केली होती, जिल्ह्यात तिसरा. मेडिकलला पाडलं. वशिला नव्हता, दुसरं काय. बाबांनी ते इंग्रजी पत्र मला हातात धरू दिलं नाही, "जाऊ दे, नशीब त्यांचं" म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आता खरा प्रश्न. कागदावर चित्र पाडलं की तो धुवायचा कशात? तीन दिवस डोक्यात हेच आहे.

ट्रे घ्यावेत तर सोपं. तीन ट्रे, तीन औषधं, कागद ह्यातून त्यात. पण ठार अंधारात, न्हाणीत, उघड्या औषधावर वाकून. पहिल्याच दिवशी माझं कोपर औषधात जाणार आणि वासानं शेजारचे धावत येणार.

मशीन म्हणजे राजेशाही. टेबलावर ठेवायचं, इकडून कोरा कागद आत, तिकडून फोटो बाहेर. हैदराबादला एक जुनं मिळतंय. खरं सांगू, मला मशीनच पाहिजे. माणसं बघायला येतील. पण ते दिवसभर तापवून ठेवावं लागतं आणि आपल्याकडची लाईट दुपारी जाते ती सांगून थोडीच जाते. मामी अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर अडकल्या तर?

तिसरं ड्रम. काळा, हातभर लांब. अंधारात कागद आत घातला की झाकण लावायचं आणि बिनधास्त दिवा लावायचा, झाकणातून औषध ओतता येतं पण उजेड शिरत नाही. आडवा ठेवून गडगड फिरवत राहायचं. औषध थोडंसंच लागतं. दर फोटोनंतर मात्र धुवून पार कोरडा करायचा.

जेवताना मंजुषाला तिन्ही समजावून सांगितलं. तिनं भाजी वाढता वाढता निकाल दिला.

"ड्रमच घ्या. हळद काहून ड्रममधी पॉलिश करतेत? समद्या बाजूनं सारखी लागावी म्हणून. फोटोचं काय येगळं हाय?"

मी म्हणालो, मशीनमध्ये शास्त्र आहे.

"ड्रममधी अक्कल हाय," ती म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ड्रम मागवला. माझा विचार मुळातच ड्रमकडं झुकत होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

आज सगळं गाव औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला, आणि मी न्हाणीत. मंजुषाचा भाऊ ग्यानबा मोटारसायकलवर आला, मल्चिंगचा काळा कागद घेऊन, शेतात तण उगवू नये म्हणून अंथरतात तो. खिडकी, दाराच्या फटी, पाण्याच्या पाइपाचं भोक, सगळं बुजवलं. दार लावून पंधरा मिनिटं आत उभे राहिलो. स्वतःचा हात दिसेना.

"दाजी, इथं तर गोरं-काळं समदं एकच," ग्यानबा अंधारातून म्हणाला. त्याला सारखी थट्टा लागते. ड्रम बघून म्हणाला, "माझ्या हळदीच्या ड्रमची मोटार आणून लावू का? मामला फास्ट होऊन जाईल." मी म्हणालो, तुझ्या मोटारीनं मामी औंढ्याच्या पलीकडं जाऊन पडतील.

पाणी तापवायचा प्रश्नच सुटला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी दोनला थर्मामीटरनं पाहिलं, चौतीस. थंड देशात लोक त्यासाठी यंत्रं घेतात म्हणे. या बाबतीत वसमत श्रीमंत आहे.

औषधांच्या बाटल्यांवर मी छान लाल आणि हिरव्या कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, म्हणजे घाईत चुकायला नको. संध्याकाळी पाहतो तर मंजुषानं एका बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधलेली, दुसरीला दोन वेढे. काहून म्हणून विचारलं तर, "दिसायला बरं वाटतंय." बायकांना सजवायची भारी हौस. माझ्या मोज्यांच्या जोड्यासुद्धा ती गाठ मारूनच कपाटात ठेवते.

५ मार्च, बुधवार

पहिला फोटो! काळा ठिक्कर आला. उजेड जास्त झाला. दुसरा फिका. तिसऱ्यात मामी दिसल्या. ड्रमचं झाकण काढून ओला कागद बाहेर ओढला आणि त्या हसत होत्या. मी न्हाणीतूनच ओरडलो. मंजुषा पिठाच्या हातानं धावत आली. 

मग रंग पाहायचा. ओल्या कागदाचा रंग खरा नसतो असं हरिचंदनं बजावलं होतं, म्हणून दोरीवर टाकला. चार मिनिटांत खडखडीत. मला तर बरोबर वाटला. हळद पिवळी, लुगडं तपकिरी, मामी काळ्या.

मंजुषा बराच वेळ बघून म्हणाली, "हळद कच्ची वाटून राहिली."

पिवळं वाढवलं. पुन्हा काढला. "आता?"

"आता ढीग गोरा पडला."

पिवळं कमी केलं. "आता?"

"आणखी एक काढून बघा ना."

नेमकं काय बिघडलं ते मात्र सांगत नाही. लहानपणापासून हळद निवडलेली बाई आहे, बाजारात नुसत्या बोटावरून, म्हणजे हळकुंडावरून, कुणाच्या शेतातली ते ओळखते, आणि इथं "आणखी एक". कागद काय झाडाला लागलेत?

९ मार्च, रविवार

फोटोवर आडवे पट्टे येत होते. माझ्या मते कागद जुना. मंजुषाच्या मते माझा हात. तिनं ड्रम हिसकून घेतला आणि ओट्यावर दोन्ही तळव्यांनी असा काही फिरवला, भाकरीच्या पिठासारखा, न थांबता, एका लयीत. पट्टा नाही! आता ड्रम तिच्याकडं. मी आत अंधारात कागद भरतो, झाकण लावतो, दार उघडतो, ती फिरवते, मी घड्याळ बघतो. काल दुपारी तीन तास आम्ही असे एकमेकांसमोर उभे होतो. एवढा वेळ समोरासमोर संपदाच्या जन्माआधी कधी उभे राहिलो असू तर असू.

पंधरा कागद संपले.

१६ मार्च, रविवार

आज तीन. सगळे "बघा ना आणखी एक".

मी जरा चिडून म्हणालो, "मग तूच बटणं फिरव!" ती ड्रम पुसत राहिली. नंतर हळूच म्हणाली, "गुलाबीचं बटन कमी करून पाहिलं का?" मी म्हणालो, गुलाबी कमी कधी करायचं तर फोटो हिरवा आला तर, आणि हा कुठं हिरवा आहे? हिरवं काय असतं ते मला कळत नाही का?

ती म्हणाली, "तसं न्हाई. माझंच चुकलं."

आणि आत जाऊन चहा टाकला. चुकलं म्हणणारी बाई नव्हे ही. गुडघे दुखत असतील.

२२ मार्च, शनिवार

झाला! तेविसावा कागद. एवढा सुंदर फोटो मी आयुष्यात छापला नाही. सुरकुती न् सुरकुती दिसते, नाकातली नथनी दिसते. मंजुषाच्या हातात दिला. ती फोटोकडं बघत होती आणि मग माझ्याकडं. किती तरी वेळ. माझ्या हाताला औषधानं भेगा पडल्यात, तिकडं बघत होती.

"बरा आलाय," म्हणाली. "लई मेहनत घेतलीत."

फ्रेम करून माजघरात लावला. सात कागद उरलेत, संपदाच्या बारशाचा फोटो छापेन म्हणतो.

२७ मार्च, गुरुवार

मंजुषा हल्ली स्वयंपाकघरातून अंगणात जायला मागल्या दारानं जाते. माजघरातून जवळ पडतं, तरी वळसा घालते. पायऱ्या टाळत असेल. गुडघ्याचं दाखवायला हवं.

३० मार्च, रविवार, पाडवा

सणाचा दिवस आणि डोकं फिरलंय.

ग्यानबा जेवायला आला. श्रीखंड-पुरी झाली, सुपारी कातरत माजघरात आला आणि फोटोपुढं थांबला. मी वाट बघत उभा.

"दाजी," म्हणाला, "माय हिरवी काहून दिसून राहिली?"

"ग्यानबा!" मंजुषा आतून अशी ओरडली की भांडं पडलं.

"अगं पण अक्का, शेवाळल्यागत दिसायली. आजारी मानसावानी—"

"तुला म्हनलं ना गप बस म्हनून!"

मी शांतपणे म्हणालो, ग्यानबा, वय झालं तुझं, छप्पन म्हणजे काही कमी नाही, डोळे तपासून घे. तर मंजुषा मलाच म्हणते, "जाऊ द्या, नका नेऊ त्याला." नका नेऊ काय? मेव्हणा आहे माझा. त्याच्या डोळ्यांची काळजी मी नाही घेणार तर कोण? बुधवारी दोघंही जातो, माझाही नंबर बघतो. होऊन जाऊ दे दूध का दूध.

२ एप्रिल, बुधवार

परभणीच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. मी सांगितलं, ह्यांना रंग बरोबर दिसत नाहीत. डॉक्टर तरुण, सभ्य. ठिपक्यांचं पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपके, त्यात आकडा लपलेला. ग्यानबा चौथीपर्यंत शिकलेला, धडाधड वाचत सुटला: बारा, आठ, एकोणतीस, पाच. मला कुठं आठ दिसेना. मी डॉक्टरांना म्हणालो, तुमचं पुस्तक विटलंय, नवीन घ्या, आणि ह्याला अंदाजे बोलायची सवय आहे.

डॉक्टरांनी पुस्तक माझ्याकडं फिरवलं.

पहिलं पान, बारा. ते दिसलं. पुढं एकही नाही. एकही. नुसते ठिपके.

"काका," ते म्हणाले, "तुम्हाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. हे जन्मापासूनचं आहे. बाकी नजर उत्तम आहे. कधी रेल्वेत-बिल्वेत अर्ज केला होता का?"

 येताना स्टँडवर ग्यानबानं रसाचे दोन ग्लास घेतले आणि माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. त्यानं थट्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

३ एप्रिल

काही नाही.

७ एप्रिल, सोमवार

चार दिवस घरात बोललो नाही. आज विचारलं. ती मिरच्या निवडत बसली होती, हिरव्या एकीकडं, पिकून लाल झालेल्या एकीकडं. ते काम तिनं मला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं नवऱ्याचा मान ठेवते.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

मग सगळं सांगितलं. मुलगी बघून गेल्यावर आठ दिवसांनी माझे बाबा एकटेच सासुरवाडीला गेले होते, रेल्वेचं ते पत्र खिशात घेऊन. फसवून सून आणायची नव्हती त्यांना. मामींना म्हणाले, पोराला रंग नीट दिसत नाहीत, त्याला आम्ही सांगितलेलं नाही, मनाला लावून घेईल. तुम्ही काय ते ठरवा. मामींनी त्यांना ताक दिलं आणि म्हणाल्या, "याच्याआधी दोघं आले होते. दोघांचेबी डोळे चांगले होते. पोरगी सावळी म्हणून चहा न पिता उठले. तुमचा पोरगा दोनदा चहा पिऊन गेला आन म्हशीचीबी विचारपूस केली. आमाला असाच पाहिजे."

आणि मंजुषाकडून शपथ घेतली, मानूस जीव लावणारा हाय, त्याला उणं वाटंल असं कधी बोलायचं न्हाई.

मोज्यांच्या गाठी. बाटल्यांच्या सुतळ्या. रोज सकाळी पलंगावर काढून ठेवलेला शर्ट. मला आंबे घ्यायला कधी पाठवलं नाही. मी काय समजत होतो आणि काय होतं! छत्तीस वर्षं घरात शहाणा म्हणून फिरलो. मी तसं म्हणालो, वाईट बोललो. मला वेड्यात काढलंत तुम्ही सगळ्यांनी, म्हणालो.

तिनं मिरच्यांचं सूप खाली ठेवलं. "मला सासरच्या आळीत समदे काळी म्हनायचे. तुमी एकदा तरी म्हनलाव का?"

नाही म्हणालो.

"मंग? तुमी मला म्हनलं न्हाई, मी तुमाला म्हनलं न्हाई."

मी उठून माजघरात गेलो. हिरव्या मामींना खाली उतरवलं. ती तिथूनच ओरडली, "अहो, मेहनतीचा हाय, राहू द्या!" मी म्हणालो, "मंजुषा, अक्षय तृतीयेला तेवीस दिवस आहेत आणि सात कागद आहेत. आता खोटं बोलायचं नाही. फोटो कसा आहे?"

ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "लई हिरवा हाय हो. बघवत न्हाई."

१३ एप्रिल, रविवार

आज नवीन पद्धत. ग्यानबाच्या या वर्षीच्या पॉलिश केलेल्या हळदीची दहा बोटं ताटलीत. रान तेच, बेणं तेच, म्हणजे फोटोतल्या ढिगाचा रंग हाच असायला पाहिजे. ढीग जुळला की मामी आपोआप जुळल्या. हे मला कधीच सुचायला हवं होतं, पण सुचून उपयोग नव्हता.

मी आत, ती बाहेर. ठार अंधारात तिलाही काही दिसत नाही, तिथं माझं बोट चालतं: कागदाची गुळगुळीत बाजू वर, कोपरा दुमडायचा नाही, ड्रमची खाच डावीकडं. बाहेर उजेडात तिचं राज्य. वाळलेला फोटो ओसरीच्या उजेडात धरते, शेजारी हळदीचं बोट, डोळे बारीक करते आणि हुकूम सोडते. काय बदल झालाय बाईत! छत्तीस वर्षं "माझंच चुकलं" म्हणत होती ती हीच का?

"गुलाबी उतरवा. अजून. काहून भिताव? उतरवा म्हनते ना!"

दोन कागद गेले. पाच उरले.

१५ एप्रिल, मंगळवार

टाकीचं पाणी बेचाळीस डिग्री, ते पाहायचंच विसरलो. औषध तापलं, मामी कोळसा. चूक माझी, कबूल. आता औषधाची बाटली रांजणातल्या पाण्यात घालून पस्तिसावर आणतो आणि कामाला सकाळी सातला बसतो. थंड देशातल्या लोकांनी गरम करायला काय घ्यावं त्याची चर्चा केलीय, वसमतला एप्रिलात काय करावं ते कुणी लिहिलेलं नाही. मीच लिहितो: रांजण.

चार.

१९ एप्रिल, शनिवार

एक गुलाबीकडं गेला. "लग्नातल्या नवरीवानी दिसायली," मंजुषा म्हणाली. दुसरा जवळ आला. हळद जुळली, पण चेहरा एक कणभर उजळ. मला पुरे वाटला. मी म्हणालो, थांबूया, दोनच राहिलेत, बिघडला तर काहीच राहायचं नाही.

तिनं ओसरीत फोटो पुन्हा उजेडाला धरला. "न्हाई," म्हणाली. "पीठ फासल्यालं न्हाई पाहिजे. इतकुसंबी न्हाई."

मला भीती वाटते आहे. लिहून टाकतो. फोटो कणभर उजळ राहिला तर चालेल, पण या बाईची आई पुन्हा हातातून जायला नको.

२० एप्रिल, रविवार

सकाळी सात. पाणी पस्तीस. उजेड दोन सेकंद जास्त, गुलाबी आणखी एक खाली. अंधारात कागद मोठ्यानं "मामी, मामी" म्हणत भरला. बाहेरून ती म्हणाली, "कुनाशी बोलून राहिलाव?"

तिनं ड्रम फिरवला. मी घड्याळ बघितलं. धुतला. दोरीवर टाकला. वाळेपर्यंत दोघंही त्याच्याकडं पाठ करून उभे राहिलो.

मग तिनं फोटो काढून ओसरीत पाटावर आडवा ठेवला. ताटलीतलं हळदीचं बोट उचललं, फोटोतल्या ढिगावर ठेवलं. आणि ते तिलाच सापडेना. चाचपून शोधलं तिनं.

"आई," म्हणाली. एवढंच.

एक कागद शिल्लक राहिला.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

सकाळी पाण्याचा घडा भरला, वर खरबूज ठेवलं, पुरणपोळी आणि आंब्याच्या रसाचं पान वाढलं. शेजारी मामी. ग्यानबा आला, फोटोपुढं बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. सुपारी नाही, थट्टा नाही. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, आता बराबर." डोळे पुसत बाहेर गेला.

मंजुषा हात जोडून आईशी बोलत होती. "आई, तुझी शपथ मोडली गं. त्येंना समजलं. पन उणं न्हाई वाटलं त्येंना." मग माझ्याकडं वळून, "वाटलं का?"

"चार दिवस वाटलं," मी म्हणालो. "मग मिरच्या निवडायचं काम वाचलं हे ध्यानात आलं."

ती फोटोत काय काय कसं आहे ते सांगत होती. ढीग असा, नथनीचा खडा असा, मागचा लिंब असा. मी विचारलं, "आणि लुगडं?"

तिनं ओठ मिटले. हसू दाबत होती.

"सांग की."

"हिरवंगार. पोपटावानी. समद्या गावात उठून दिसायचं. गाडीवरून येताना पाटलाच्या रानातून दिसायचं."

मी फोटोकडं बघत राहिलो. तेहतीस वर्षांपूर्वी मी त्या बाईला काय म्हणालो होतो! जावई कॅमेरा लावून गंभीर तोंडानं सांगतोय, आणि तिला तर सगळं ठाऊक. चिडली नाही, दुरुस्त केलं नाही, पोटभर हसली आणि मी सांगितलं तशी निमूट उजवीकडं सरकली. ते हसू माझ्यावरचं होतं. घरातला एकुलता एक फोटो माझ्या चुकीवर निघाला. मला भरून आलं. डोळे पुसले, तरी धूसरच.

मग मी पाटापुढं उभा राहिलो, घसा साफ केला आणि हात हलवून मोठ्यानं म्हणालो, "मामी, तुमचं तपकिरी लुगडं ढिगात मिसळून राहिलं, जराशा उजवीकडं सरका!"

मंजुषा हसली. अशी हसली, अशी हसली की पदर तोंडाला लावायचं भान राहिलं नाही, घडा हलला, रस सांडला. तीच मान, तेच दात, तोच रंग. मला रंग दिसत नाही, पण तोच होता, मी सांगतो.

एक कागद राहिलाय. उद्या शाळेचा कॅमेरा मागून आणतो, मंजुषासाठी रोल भरतो.